टूर व्यवस्थापन (बेळगाव सीमाभाग)

ठरलेल्या पैशात आणि ठरलेल्या दिवसांत एका ग्रुपला फिरवून सुखरूप परत आणायचं, त्यासाठी लागणारी तिकिटं, बस, राहणं, जेवण, परवाने आणि हिशोब हे सगळं एकाच्या अंगावर घ्यायचं, असा हा व्यवसाय आणि त्याचं शिक्षण. ऑफिसात बसून टूर बांधणारा ऑपरेशन्सवाला वेगळा, ग्रुपबरोबर जाणारा टूर मॅनेजर वेगळा, आणि एखाद्या ठिकाणची माहिती सांगणारा लायसन्सवाला गाईड आणखी वेगळा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या छोट्या ट्रॅव्हल्समध्ये मात्र पहिली दोन कामं बहुतेक वेळा एकच माणूस करतो, आणि ड्रायव्हर आजारी पडला तर गाडीही चालवतो.

याची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तकं 5 जुलै 1841 ही तारीख देतात. त्या दिवशी थॉमस कुक यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला एका दारूबंदी सभेसाठी सुमारे 500 माणसं माणशी एक शिलिंग घेऊन रेल्वेने नेली. पण 1840 मध्येच तिथल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटनी (कामगारांना शिकवणाऱ्या संस्थांनी) अशा सहली काढल्या होत्या, त्यामुळे 'पहिली' हा शब्द जरा जपूनच वापरलेला बरा. शिवाय 1841 ची सहल नफ्यासाठी नव्हती. धंदा म्हणून काढलेली कुक यांची पहिली सहल 1845 ची, लिव्हरपूलला, आणि धंद्याचा जन्म मोजायचाच तर हेच वर्ष जास्त पटतं. पुढे 1868 च्या सुमारास आलेली हॉटेल कूपनं हे त्याहून मोठं पाऊल, कारण आजचं व्हाउचर त्यातूनच आलंय, पैसे आधी एका ठिकाणी भरायचे आणि हॉटेलवर फक्त कागद दाखवायचा.

मराठी मुलखात दुसरा दावा वारीचा आहे. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी साधारण 1685 ला पालखी सुरू केली असं मानतात, आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकर यांनी 1832 च्या आसपास लावली असं सांगितलं जातं. हैबतबाबा मूळचे सातारकडचे आणि शिंद्यांच्या पदरी राहिलेले, म्हणून लष्करी कूच आणि मुक्कामाची घडी पालखीत आली हे स्पष्टीकरण बरेच जण देतात. इथे सीमाभागाचा थेट संबंध येतो, कारण चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी हैबतबाबांना घोडे आणि तंबूंची मदत केली आणि माउलींचे अश्व अजूनही दरवर्षी अंकलीहूनच निघतात. दिंड्यांचे क्रमांक, ठरलेले मुक्काम, पुढे जाऊन जागा धरणारी माणसं, जेवणाखर्चाची माणशी भिशी, हे सगळं बघितलं तर ग्रुप चालवण्याची पद्धत इथे कुकच्या आधीपासून होती असं म्हणायला हरकत नाही. पण त्यात विकलेलं पॅकेज नाही, नफा नाही, गिऱ्हाईक नाही, त्यामुळे वारीला व्यवस्थापनाची पूर्वज म्हणावं, व्यवसायाची नव्हे. दोन्ही टोकं जोडणारी एक गोष्ट म्हणजे 1886 मध्ये ब्रिटिश सरकारने हज यात्रेकरूंची वाहतूक काही वर्षं थॉमस कुक कंपनीकडे दिली होती, म्हणजे यात्रा आणि टूर कंपनी भारतात तेव्हाच एकत्र आली.

मराठी ग्रुप टूरला आत्ताचं रूप, म्हणजे मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि परदेशातही पोळी-भाजी, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी दिलं, त्यात 1984 ची केसरी ठळक आणि नंतर 2013 ची वीणा वर्ल्ड.

शिक्षणाचं बघायचं तर पीयूसी (कर्नाटकातली बारावी) झाल्यावर पर्यटनातली बीबीए किंवा बीए, नाहीतर बीकॉम करून वर सहा महिने-वर्षाचा डिप्लोमा, हे दोन रस्ते चालतात. केंद्र सरकारची ग्वाल्हेरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट ही 1983 मधली, तिची एक शाखा गोव्यात आहे आणि बेळगावच्या पोराला तीच जवळ. घरी राहून करायचं तर इग्नूचा पर्यटन डिप्लोमा आणि पदवी आहे. विमान तिकिटांच्या बाजूला जायचं असेल तर आयाटाचे (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे) कोर्स आणि अमाडेअस, गॅलिलिओ, सेबर यातलं एक तरी तिकीट बुकिंगचं सॉफ्टवेअर हातात बसायला लागतं. हॉटेल मॅनेजमेंट हा वेगळा विषय आहे, त्याची प्रवेश परीक्षाही वेगळी, तरी पालक दोन्ही एकच समजतात. महाराष्ट्राच्या सीईटीतून होणाऱ्या काही अभ्यासक्रमांत महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, फॉर्म भरताना ती बघून घ्यावी, बरेच जण तो कॉलमच सोडून देतात.

अभ्यासक्रमात सगळ्यात कमी शिकवतात आणि कामात सगळ्यात जास्त लागतं ते कॉस्टिंग. खर्च दोन प्रकारचा, माणशी लागणारा (रूम, जेवण, एन्ट्री फी) आणि गाडी निघाली की लागणारच असा (बसभाडं, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा बत्ता (भत्ता), टूर मॅनेजरचं राहणं-खाणं). समजा बस 60,000 ला ठरली आणि माणशी खर्च 4,500 आहे, तर 30 माणसांत बसचे 2,000 पडतात आणि खर्च 6,500 होतो. 20 च आली तर बसचे 3,000, म्हणजे 7,500. दर 30 धरून जाहीर केला असेल तर 20 जणांमागे 20,000 चा खड्डा, आणि दिवाळीच्या सीझनला ऐनवेळी कॅन्सल करणाऱ्या दोन फॅमिली यासाठी पुरतात. म्हणून जाणकार माणूस भरलेल्या बसवर दर काढत नाही, कमीत कमी किती माणसांत टूर निघते त्यावर काढतो. दुसरी गल्लत मार्जिनची. 10,000 च्या खर्चावर 20 टक्के चढवून 12,000 ला विकलं की नफा विक्रीच्या 20 टक्के होत नाही, 16.67 टक्केच होतो, आणि एजंटला कमिशन विक्रीवर द्यायचं असतं. त्यात टूर ऑपरेटरचा 5 टक्के जीएसटी पूर्ण रकमेवर लागतो, नुसत्या नफ्यावर नाही. हॉटेलवाले साधारण 15 माणसांमागे एक फुकट देतात त्याला एफओसी (फ्री ऑफ कॉस्ट) म्हणतात, ती जागा टूर मॅनेजरला लावायची की दर खाली आणायला वापरायची हे आधी ठरवावं. परदेशी पॅकेजवर 1 ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस (विकतानाच गिऱ्हाइकाकडून कापून घ्यायचा आयकर) आला, त्याचे दर आणि मर्यादा नंतर बदलत गेल्यात, कोटेशन देताना त्या दिवसाचा दर बघावा.

सीमाभागाची खास डोकेदुखी म्हणजे परमिट. गाडीच्या नंबरात केए 22 बेळगाव, केए 23 चिकोडी, एमएच 09 कोल्हापूर, आणि पिकनिकला निघालेली बस तासाभरात राज्य बदलते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 88 खाली एखाद्या फेरीपुरतं स्पेशल परमिट काढता येतं, आणि टुरिस्ट गाड्यांसाठी अखिल भारतीय परमिट असतं. हे अखिल भारतीय परमिट 1 एप्रिल 2021 पासून ऑनलाइन झालं आणि 1 मे 2023 पासून नव्या नियमांत गेलं, फी एकदाच भरायची आणि ती राज्यांत वाटली जाते. त्याआधी कोगनोळीच्या नाक्यावर टॅक्सची पावती फाडत उभं राहणं हा प्रवासाचाच भाग होता. स्वस्तात मिळते म्हणून पांढऱ्या पाटीची (खासगी नोंदणीची) गाडी भाड्याने घेणं आजही चालतं, पण अपघात झाला तर विम्यात हात वर होतात, हे टूर काढणाऱ्याने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं. कोल्हापूर भागातून सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्षात येणारे भाविक यातून मोकळे, ते एसटी प्रासंगिक करारावर (अख्खी बस फेरीपुरती भाड्याने) घेतात.

सर्किट म्हणून गोकाक-गोडचिनमलकी, कित्तूर, हलशी-नंदगड आणि दोन दिवसांचं बदामी-ऐहोळे-पट्टदकल जास्त चालतात. गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर, पण उन्हाळ्यात खडक बघायला मिळतो, त्यामुळे तो जुलै ते सप्टेंबरमध्येच ठेवावा. नंदगडला 1831 साली संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिली, शाळेच्या सहली तिथे आवर्जून थांबतात. पट्टदकल 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. दूधसागरला रेल्वे रुळावरून चालत जायला बंदी आहे, जीप कुळ्याहून, तीही पावसाळा संपल्यावर साधारण ऑक्टोबरपासून, आणि ग्रुपमधली तरणी पोरं कॅसलरॉकवरून चालू म्हणाली तरी टूर मॅनेजरने नाही म्हणायचं असतं.

नोकरीत सुरुवात बहुधा रिझर्व्हेशन टेबलवर किंवा ग्रुपबरोबर असिस्टंट म्हणून होते. फिरणाऱ्यांचे पैसे बऱ्याच ठिकाणी दिवसावर आणि सीझनपुरते, मे आणि दिवाळीत घर दिसत नाही आणि जुलैत काम दिसत नाही. बेळगावच्या मुलाची जमेची बाजू भाषेत आहे, बसमधल्या माणसांशी मराठी, फॉरेस्ट गार्ड आणि आरटीओशी कन्नड, बाकी ठिकाणी हिंदी, आणि पुण्याच्या कंपनीला कर्नाटक सेक्टरसाठी असा माणूस हवाच असतो. तरी मुलाखतीत कन्नड येतं हे सांगायला पोरं बिचकतात, सीमावादामुळे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बायकांच्या खास टूर वाढल्यावर मुलींनाही टूर मॅनेजर म्हणून घेतात, घरच्यांची परवानगी हा मुख्य अडथळा राहतो.

उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्याच्या हल्याळ-जोयडा बाजूला दांडेलीचं राफ्टिंग आणि होमस्टे यावर काम चालतं, ते टूरपेक्षा रिसॉर्टच्या अंगाने जातं. बिदरकडच्या मराठी भागात, भालकी-औरादला, या धंद्याचा ओढा बेळगावकडे नाही, हैदराबादकडे आहे. तिथल्या सहली बिदरचा किल्ला, नानक झिरा आणि बसवकल्याण एका दिवसात करून परत जातात.