येनार, येणार आणि दोन बादल्या पाणी

मे महिन्यातली गोष्ट आहे, पारा ४५ ला टेकलेला, मी कूलरसमोर पाय पसरून बसलेलो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "उद्या सकाळी नळाला पानी येनार नाही, टाकी साफ करून राहिलो, आजच भरून ठेवा." पाठवणाऱ्याचं नाव माझ्याकडे सेव्ह नव्हतं, नुसता नंबर. आणि माझ्या अंगठ्यानं मला न विचारताच टाइप केलं, चांदणी लावून, "*पाणी *येणार", वर आणखी एक ओळ, "जरा लिहिण्याकडे लक्ष द्या." पाठवलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं. मग झोपलो. सकाळी तोंडात ब्रश घालून नळ उघडला तर नुसता फुस्स आवाज. मेसेज मी वाचला होता, चांगला दोनदा वाचला होता, पण त्यातले दोन "न" वाचले, पाण्याचं वाचलंच नाही.

तोंडात पेस्टचा फेस घेऊन तसाच उभा राहिलो आणि डोक्यात एकच, हे मी केलं काहून? तो माणूस काही माझा विद्यार्थी नाही, मी काही त्याचा मास्तर नाही, ह्या कामाचे कोणी पैसे देत नाही.

तर ह्यातला पहिला अर्धा भाग आपल्या हातात नाहीच. जॉन रिडली स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, हिरव्या शाईत "लाल" छापायचं आणि फक्त शाईचा रंग सांगा म्हणायचं, माणूस अडखळतोच, कारण शब्द दिसला की तो वाचला जातो, नको म्हटलं तरी. आणि वाचताना मेंदू बालवाडीतल्यासारखा अक्षरं जुळवत बसत नाही, तो पुढे काय येणार ह्याचा अंदाज बांधत चालतो, जसं आमच्या नागपूरच्या सीताबर्डीच्या मेन रोडवर गर्दीतनं जाताना समोरचा डावीकडे वळेल का उजवीकडे हे आपण न ठरवता ठरवत असतो. अंदाज चुकला की ठेच लागते.

ही ठेच मोजता येते. १९८० साली सॅन डिएगोला मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड ह्यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द करून वाक्यं दाखवली, त्यातलं एक वाक्य असं होतं की त्यानं गरम पावाला मोजे लावले. "मोजे" दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूतल्या विजेत एक ठरावीक लाट उमटली, तिचं नाव एन-४००. (तर्री पोह्यांवर मोजे भुरभुरून दिले असं मी लिहिलं तर तुमच्याही डोक्यात आत्ता तीच आली असणार.) पुढे १९९२ मध्ये ली ऑस्टरहाउट आणि फिलिप होलकॉम्ब ह्यांनी दाखवलं की वाक्याची रचना बिघडली की वेगळी लाट येते, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास, ती पी-६००. आणि आपल्या कामाची गोष्ट २००६ ची, डच संशोधकांनी असे शब्द घेतले जे उच्चाराला बरोबर पण लिहायला चुकलेले, आणि ते अशा वाक्यात टाकले जिथे कोणता शब्द येणार हे आधीच कळतं, तर तिथेही पी-६०० उमटली. म्हणजे अर्थ कळला, आवाज तोच, तरी मेंदू म्हणतो थांब बे, परत बघ. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लोकांनी तर २०२३ मध्ये ४१ जणांना व्याकरणाच्या चुका असलेलं बोलणं ऐकवून त्यांच्या हृदयाचे ठोके तपासले, चुका आल्या की ठोक्यांमधल्या अंतरातली नेहमीचा चढउतार कमी होत होता, ताण आला की होतो तसा. तेव्हा "मला शारीरिक त्रास होतो हो ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की" असं म्हणणाऱ्या बाई अगदीच नाटकं करत नाहीत, थोडं तथ्य आहे त्यात.

मराठीत ह्या ठेचा जरा जास्तच लागतात आणि त्याला कारण आहे. आपल्या बोलण्यात इ-ई, उ-ऊ चा फरक जवळपास अर्थ बदलत नाही, दिन आणि दीन, सुत आणि सूत अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर कानाला काही कळत नाही. (दिन-दीन मात्र जबरदस्त आहे. "शिक्षक दीनाच्या शुभेच्छा" हा मेसेज दर ५ सप्टेंबरला येतो आणि शिक्षकांचे पगार बघता तो चुकीचा म्हणावा का असा प्रश्न पडतो.) म्हणजे कान मदत करत नाही, नियमच पाठ असावा लागतो. हे नियम मराठी साहित्य महामंडळानं केले, सरकारनं १९६२ मध्ये १४ नियम मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, एकूण १८. महामंडळ ज्या चार संस्थांनी मिळून १९६१ मध्ये उभं केलं त्यातली एक आपला विदर्भ साहित्य संघ, तेव्हा ह्या भानगडीत नागपूरचाही हात आहे. नियम म्हणतो शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, पाणी, कवी, बुद्धी, आणि लगेच अपवाद की "आणि" मात्र ऱ्हस्व. पाणी दीर्घ, आणि ऱ्हस्व, का ते विचारू नका, पाठ करा.

आणि ६२ च्या आधी? माझ्या आजोबांचं १९५८ चं एक पोस्टकार्ड घरी आहे, नागपूरच्या महाल भागातून पाठवलेलं. "पत्र पोंचलें. पांच रुपये मिळाले. नांव नीट लिहीत जावें." दर दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर टिंब, उच्चार होवो न होवो. आज हे कोणी ग्रुपवर टाकलं तर माझ्यासारखा चांदण्या लावता लावता दमेल. पण ते तेव्हा बरोबर होतं हो! न उच्चारले जाणारे अनुस्वार देऊ नयेत हे नंतर ठरलं, आजोबांनी तर पुढेही शेवटपर्यंत टिंबं दिली आणि "तुम्हा पोरांना लिहिता येत नाही" हे आम्हालाच ऐकवलं.

त्यात फोनची भर. रोमनमधून मराठी टाइप करणाऱ्या काही कीबोर्डांत साधा एन दाबला की न येतो आणि ण साठी कॅपिटल एन लागतो, रात्री साडेनऊला टाकीच्या भानगडीत असलेला माणूस कॅपिटल एन शोधत बसेल का?

बरं, ठेच तर सगळ्यांनाच लागते, मग बोलून दाखवणारे थोडेच काहून? मिशिगन विद्यापीठाच्या ज्यूली बोलँड आणि रॉबिन क्वीन ह्यांनी २०१६ मध्ये ८३ लोकांना ईमेल वाचायला दिले, खोलीत राहायला जोडीदार पाहिजे अशा जाहिरातीला आलेली उत्तरं होती ती, काहींत नुसते टायपो, बोट घसरून अक्षरं उलटसुलट झालेली, काहींत व्याकरणाच्या चुका, आणि विचारलं की हा माणूस खोलीत चालेल का. सोबत प्रत्येकाच्या स्वभावाची चाचणी. निघालं असं की बहिर्मुख लोक चुकांकडे कानाडोळा करतात, अंतर्मुख लोक त्याच माणसाला कमी मार्क देतात. जे मुळात जुळवून घेणाऱ्यातले नाहीत त्यांना व्याकरणाच्या चुका जास्त खुपल्या, आणि टायपो जास्त खुपले ते काटेकोर लोकांना आणि नव्याला फारसा थारा न देणाऱ्यांना. माझी बायको हे वाचून काहीच बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. पण ह्या अभ्यासात किती खुपतं एवढंच पाहिलं, कोण उठून समोरच्याला सांगायला गेला हे पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आता मला काय वाटतं ते सांगतो. मी बारावीनंतर पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर कोणीतरी विचारलं काय चाललंय, मी म्हटलं अभ्यास करून राहिलो, आणि खोलीतले चार जण पोट धरून हसले. "राहिलास कुठे?" नंतर महिनाभर तेच. मग पानी, कोन, लोनी. आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ण चा न होतो, ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, हे चुकून नाही होत, नियमानं होतं, सगळीकडे होतं. मराठीतलं जुनं गद्य, लीळाचरित्र, म्हाइंभटांनी जिथे बसून लिहिलं ते रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे, पण हे सांगून होस्टेलवर हसू थांबत नसतं. मी सहा महिन्यांत ण शिकलो. घासून घासून शिकलो, आरशासमोर.

माझ्यासारख्यांचं विल्यम लबॉव्ह नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९६६ मध्येच लिहून ठेवलंय. न्यूयॉर्कमध्ये त्याला दिसलं की शब्दातला र स्पष्ट म्हणणं हे वरच्या वर्गाचं लक्षण, पण एकदम सावध होऊन वाचायला लावलं तर निम्न मध्यमवर्गातले लोक वरच्यांपेक्षाही जास्त र म्हणतात. चुकू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त. आपल्याकडे ह्याचा पुरावा रोज येतो, "मणापासून शुभेच्छा", "जीवण सुंदर आहे". ज्याला न वरून कोणीतरी कधीतरी हसलं त्यानं सगळीकडे ण लावून टाकला, झंझटच नको. आणि १९५९ चा अ‍ॅरनसन आणि मिल्स ह्यांचा प्रयोग सांगतो की एखाद्या गटात शिरायला जितकी लाज-फजिती सोसावी लागली तितका तो गट मौल्यवान वाटायला लागतो, मग आतली चर्चा कितीही कंटाळवाणी असो. मी ण साठी सहा महिने सोसलं, आता दुसरा कोणी फुकटात "न" लिहून मजेत राहून राहिला हे मला बघवत नाही. एवढंच आहे ते, त्याला भाषाप्रेम म्हणणं मी बंद केलंय. खरे पंडित मी पाहिलेत दोन-तीन, ते कधी चांदणी लावत नाहीत.

आणि ते बरं वाटणं? झुरिकमध्ये २००४ साली लोकांना पैशांचा खेळ खेळायला लावून मेंदूचे स्कॅन घेतले, फसवणाऱ्याला शिक्षा करताना मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग कामाला लागला होता. तिथे पैसे बुडवणारा होता, इथे नुसता न, तेव्हा हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण चव साधारण तीच असावी असा माझा अंदाज. वर समोर चेहरा नाही. ऑनलाइन माणूस एवढा सुटतो काहून ह्यावर जॉन सूलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्येच लिहिलं होतं, आपण त्याला दिसत नाही, तो आपल्याला दिसत नाही, आणि उत्तर लगेच तोंडावर येत नाही. लिफ्टमध्ये कोणी "पानी येनार नाही" म्हटलं असतं तर मी "हो का? भरतो" म्हटलं असतं, दुसरं काय.

एक गोष्ट राहिली. त्या सकाळी मी ग्रुप परत उघडला, कोणाकडे पाणी आहे बघायला, आणि माझाच मेसेज दिसला. मी "जरा लिहिण्याकडे लक्ष द्या" असं लिहिलंच नव्हतं, वर मी तुम्हाला आठवणीतून सांगितलं. लिहिलं होतं "शुध्दलेखनाकडे लक्ष द्या". द्ध च्या जागी ध्द. जॉन बँगसुंड नावाच्या ऑस्ट्रेलियन संपादकानं १९९२ मध्ये ह्याचा नियमच करून ठेवलाय, दुसऱ्याची चूक काढणाऱ्या मजकुरात स्वतःची एक चूक असतेच. कारण साधं आहे, आपल्याला काय लिहायचं होतं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून अंदाज इतका पक्का असतो की डोळा कागदावरचं न बघता डोक्यातलं वाचतो, ठेच लागतच नाही. रात्रभर तो ध्द तिथे ग्रुपवर होता, ३४ जणांनी पाहिला होता, कोणी एक अक्षर बोललं नाही.

मग दोन बादल्या घेऊन तिसऱ्या माळ्यावर गेलो, मेसेजवाल्या काकांकडेच, कारण भरून ठेवलेले ड्रम त्यांच्याचकडे होते. दार त्यांनीच उघडलं, बनियनवर, हातात टाकीचा ब्रश. माझ्या बादल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"न्या ना भाऊ," म्हणाले, "ण वालं आहे."