टोळीच्या गुन्ह्याला जादा शिक्षा : ‘मोक्का’मागचा इतिहास

एखाद्या व्यापाऱ्याला ‘पैसे दे, नाहीतर जिवंत सोडणार नाही’ असे धमकावले, तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३८७ खाली जास्तीत जास्त सात वर्षांची कैद होती. तीच धमकी टोळीसाठी दिली आणि पोलिसांनी ‘मोक्का’, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावला, तर शिक्षा पाच वर्षांच्या खाली येत नाही, जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते आणि वर किमान पाच लाखांचा दंड. शब्द तेच, घाबरलेला माणूसही तोच. शिक्षा वाढते ती धमकी देणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे यावरून. म्हणून मोक्काच्या खटल्यात सगळ्यात महत्त्वाचा पुरावा असतो तो आरोपी आणि टोळी यांच्यातल्या संबंधाचा, आणि या कायद्याचा चांगला-वाईट इतिहास याच ठिकाणी घडला आहे.

ही कल्पना १९९९ ची नाही. कंपनी सरकारने १८३६ साली ठगांविरुद्ध कायदा केला. अमुक माणसाने अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरजच त्यात ठेवली नाही. तो ठगांच्या टोळीतला होता एवढे शाबीत झाले की जन्मठेप. १८६० च्या दंड संहितेत दरोडेखोरांच्या टोळीत असण्यालाच जन्मठेपेपर्यंत शिक्षा देणारे कलम ४०० आले. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि त्याने टोळी आणि जमात एकाच वाक्यात बसवल्या. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. पारध्यांसारख्या जमातींतली पोरे जन्मतःच गुन्हेगार ठरली, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत राहिली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण पोलिसी संशय अजून त्यांच्या पालांवरून हटलेला नाही. कोणाशी नाते आहे यावरून शिक्षा ठरवताना काय होऊ शकते, हे आपल्याच मातीत घडून गेलेले आहे. मोक्काची चर्चा करताना ते विसरता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत टोळ्यांवर मुख्य उपाय होता तडीपारीचा. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने गुंडाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येत असे. १९८१ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी स्थानबद्धतेचा कायदा आला, तोच आजचा ‘एमपीडीए’. दोन्हींत शिक्षा नव्हतीच, फक्त माणूस काही काळ बाजूला केला जायचा.

तोवर मुंबईचा गुन्हा बदलत चालला होता. तस्करी आणि हातभट्टीवर पोसलेल्या हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन या टोळीप्रमुखांच्या काळानंतर पैसा खंडणीकडे, जमिनीकडे, बांधकामाकडे वळला. १९८२ च्या गिरणी संपाने गिरणगाव मोडून पडले. बेकार झालेल्या घरांतली तरुण मुले भायखळा-लालबागच्या टोळ्यांना आयती मिळाली आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवरही याच टोळ्यांचे डोळे गेले. १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात घुसून गोळीबार झाला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची भररस्त्यात हत्या झाली. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार मारले गेले. ‘पेटी’ (लाख) आणि ‘खोका’ (कोटी) हे हिशेब तेव्हा बिल्डरांच्या आणि निर्मात्यांच्या घरांत रोज बोलले जात. गोळी झाडणारा पोरगा सापडायचा, सुपारी देणारा दुबईत किंवा कराचीत असायचा, साक्षीदार भीतीने फिरायचे आणि शूटर जामिनावर सुटून पुढच्या कामाला लागायचा.

पोलिसांच्या हाती टाडा हा दहशतवादविरोधी कायदा होता, पण देशभर झालेल्या गैरवापरामुळे १९९५ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही. ती पोकळी चकमकींनी भरली. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते, गृहखाते गोपीनाथ मुंडे यांच्याकडे होते. २४ फेब्रुवारी १९९९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा झाला. माझ्या मते चकमकींपेक्षा हा मार्ग कितीतरी बरा होता, कारण यात निदान खटला होता, वकील होता, अपील होते.

कायद्याची बांधणी अशी. दोन माणसे असली तरी टोळी होऊ शकते. मागच्या दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते; ते गुन्हे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचे असावे लागतात. गुन्ह्यात कोणी मेला तर फाशी किंवा जन्मठेप. कट करणारा, आसरा देणारा, नुसता सदस्य असणारा, या सगळ्यांना किमान पाच वर्षे. टोळीच्या पैशातून आलेली मालमत्ता बाळगली तरी किमान तीन.

खरी धार मात्र शिक्षेच्या आकड्यांत नाही. आरोपपत्राची मुदत नव्वद दिवसांवरून १८० पर्यंत वाढवता येते. आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असे वाटल्याशिवाय न्यायालय जामीन देऊ शकत नाही. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरतो. हे सगळे टाडातूनच आलेले. निकाल लागायच्या आधीच माणसाची कित्येक वर्षे आत जातात. मोक्का लागला म्हणताच घरचे हादरतात ते यामुळे. त्यावर कायद्यातच ठेवलेला लगाम म्हणजे कलम २३ : उपमहानिरीक्षकाच्या मान्यतेविना गुन्हा नोंदवता येत नाही आणि अपर महासंचालकाच्या मंजुरीविना न्यायालय दखल घेत नाही.

निकालांचा आलेख सरळ नाही. नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या हत्येबद्दल अरुण गवळीला २०१२ मध्ये जन्मठेप झाली, पत्रकार जे. डे यांच्या हत्येबद्दल छोटा राजनला २०१८ मध्ये. टोळीप्रमुखाला खुनासाठी दोषी ठरवणे पूर्वी जवळपास अशक्य होते, ते इथे झाले. उलट चित्रपटांचे अर्थपुरवठादार भरत शाह २००३ मध्ये मोक्काच्या आरोपांतून सुटले. आणि सर्वांत मोठा धक्का २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात बसला. २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कबुलीजबाब नाकारून सगळ्यांना निर्दोष ठरवले. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे. एकोणीस वर्षे आरोपींचीही गेली आणि मृतांच्या कुटुंबीयांचीही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मोक्कातल्या फोन टॅपिंगच्या तरतुदी वैध ठरवल्या. २०१५ मध्ये त्याने हेही सांगितले की जुनी आरोपपत्रे दाखवून भागणार नाही, कायदा आल्यानंतर नवा गुन्हा घडलेला असला पाहिजे. दरम्यान कर्नाटकाने असाच कायदा केला, दिल्लीने मोक्का जसाच्या तसा घेतला, गुजरातचा कायदा अनेक वर्षे अडून २०१९ मध्ये अमलात आला. महाराष्ट्रात त्याचा वापर पुण्याच्या कोयते नाचवणाऱ्या पोरांपासून बीडच्या सरपंच संतोष देशमुख हत्येपर्यंत पसरला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १११ संघटित गुन्ह्याला देशभर तशीच शिक्षा सांगते : पाच वर्षे ते जन्मठेप, मृत्यू झाल्यास फाशीपर्यंत आणि किमान दहा लाखांचा दंड. मोक्कातला कबुलीजबाब आणि जामिनाची कडक अट त्यात नाही. पण वरिष्ठांच्या मान्यतेची आणि मंजुरीची अटही त्यात नाही.