खुलासा : कंबरेवर हात ठेवून आत्मविश्वास येत नाही

परवा इंदूरला, रामबागेतल्या घरी, भाची मुलाखतीच्या आदल्या दिवशी आरशासमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती. “मावशी, दोन मिनिटं असं उभं राहिलं की हार्मोन्स बदलतात, आत्मविश्वास येतो.” क्लासमध्ये शिकवलंय म्हणे.

हा समज २०१० मधल्या एका अमेरिकन प्रयोगातून पसरला. त्यात माणसं होती अवघी ४२. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा हार्मोन्समध्ये फरक दिसला नाही. जरा बळ आल्यासारखं वाटलं, एवढंच. पहिल्या प्रयोगाच्या प्रमुख संशोधक डॅना कार्नी यांनी २०१६ मध्ये स्वतःच जाहीर केलं, की हा परिणाम खरा आहे असं त्यांना आता वाटत नाही. मला या प्रामाणिकपणाचं फार मोल वाटतं.

मग आत्मविश्वास येतो कुठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं : सगळ्यात पक्का आधार म्हणजे आपल्या हातून प्रत्यक्ष जमलेलं काम.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. “स्वतःबद्दल सांगा” याचं उत्तर तिनं चारदा दिलं. पहिल्यांदा आवाज कापत होता, बोटं ओढणीचं टोक पिळत होती. चौथ्यांदा हात मांडीवर स्वस्थ होते.