विश्वास उसना कसा घेतात?

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत एक पानभर जाहिरात आली. मथळा होता, 'सिगारेट ओढणाऱ्यांना प्रांजळ निवेदन'. लोकांचं आरोग्य आम्हाला धंद्यापेक्षा मोठं वाटतं, सिगारेटमुळे अपाय होतो का याच्या संशोधनाला आम्ही पैसा देऊ, असा मजकूर आणि खाली तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांची नावं.

त्याआधी महिनाभरच अर्न्स्ट विंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. सिगारेटच्या धुरातलं डांबर उंदरांच्या पाठीवर लावत राहिल्यावर त्यांना कॅन्सर झाला होता. कंपन्यांचे प्रमुख घाईघाईने न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि 'हिल अँड नोल्टन' या जनसंपर्क कंपनीला त्यांनी बोलावून घेतलं. तिचा सल्ला धूर्त होता: विज्ञानाशी भांडू नका, आणखी विज्ञान हवं असं म्हणा.

मग संशोधन समिती निघाली. तिच्या वैज्ञानिक संचालकपदी आले क्लॅरेन्स कुक लिटल. कॅन्सरच्या आनुवंशिकतेचे नामवंत अभ्यासक, मिशिगन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, एवढंच नव्हे तर कॅन्सरविरोधी संस्थेचे माजी संचालक. असा माणूस जेव्हा 'अजून काही सिद्ध झालेलं नाही' म्हणतो, तेव्हा ते कंपनीचं बोलणं वाटतच नाही. सगळी खुबी इथेच आहे. सांगणाऱ्याचा त्यात फायदा दिसला की आपण सावध होतो. तेच तिऱ्हाइताच्या तोंडून आलं की पटकन पटतं. जनसंपर्काच्या धंद्यातले आद्य जाणकार एडवर्ड बर्नेज यांनी बेकनचा (खारवलेल्या डुकराच्या मांसाचा) खप वाढवायला डॉक्टरांचीच मतं मागवली होती, ती याच कारणाने.

बरं, सावधपणाही फार दिवस टिकत नाही. येल विद्यापीठातले कार्ल होव्हलँड आणि वॉल्टर वाइस यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले होते. लेख तेच, पण कुणाला ते भरवशाच्या नावाने मिळाले, कुणाला संशयास्पद नावाने. वाचल्या-वाचल्या भरवशाच्या नावाचा प्रभाव जास्त पडला. चार आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. मुद्दा डोक्यात राहिला; तो कुणी सांगितला, याच्याशी त्याचा धागा तुटला. मला हा प्रयोग फार अस्वस्थ करतो. ज्याच्यावर आज आपण विश्वास ठेवत नाही, त्याचंच म्हणणं महिन्याभराने आपण आपलं मत म्हणून सांगत असू.

सगळाच जनसंपर्क खोटा नसतो, हेही सांगायला हवं. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं आणि सात जण दगावले. ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने तब्बल ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. तिथे शब्दांमागे कृती होती, नुकसान सोसायची तयारी होती.

तंबाखू कंपन्यांच्या शब्दांमागे काय होतं, ते पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झालं. 'संशय हाच आमचा माल' असं १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात सरळ लिहिलेलं सापडलं. २००६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने कंपन्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं आणि खरं काय ते स्वतःच्या खर्चाने जाहीर करायला सांगितलं. त्यावर अपिलं, शब्दाशब्दावर वाद. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये वर्तमानपत्रांत ती निवेदनं झळकली. त्यांतलं एक वाक्य होतं: धूम्रपानामुळे सरासरी १,२०० अमेरिकी मरतात. रोज.