युंगफ्राउयोख हे युरोपचं सर्वोच्च शिखर नाही
स्वित्झर्लंडहून परतलेली मंडळी हमखास सांगतात, "आम्ही युरोपच्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन आलो." हा समज 'टॉप ऑफ युरोप' या जाहिरातीतल्या नावामुळे पसरलाय. युंगफ्राउयोख मुळात शिखरच नाही. 'योख' म्हणजे खिंड, म्योंख आणि युंगफ्राउ या दोन शिखरांमधली. युरोपात सर्वांत उंच आहे ते तिथलं रेल्वे स्थानक, ३,४५४ मीटरवरचं, १९१२ साली सुरू झालेलं. शेजारचं युंगफ्राउच ४,१५८ मीटर, माँ ब्लाँ ४,८०० च्या वर आणि कॉकेशसमधलं एल्ब्रुस ५,६४२.

म्हणून तिथे जाणं मात्र टाळू नका! वर जाताना बोगद्यातल्या आइसमेअर स्थानकावर गाडी थांबली की खाली उतरा आणि काचेला नाक लावा. हिमनदीच्या भेगा अगदी समोर दिसतात.