वायरशार्क काढून पुन्हा टाकण्याआधी हे वाचा

नेटवर्क मंद आहे किंवा मध्येच तुटतं अशी तक्रार आली की आम्ही तुमच्याकडे आधी पॅकेट कॅप्चरची फाइल, म्हणजे नेटवर्कवरून ये-जा करणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची (पॅकेटांची) नोंद मागतो. तिच्यासाठी वायरशार्क हा प्रोग्राम लागतो, आणि तो बसवताना बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. म्हणून हे पत्रक. उबुंटू आणि डेबियन या लिनक्स सिस्टीम धरून लिहिलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलवर नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करा.

बसवण्यात विशेष काही नाही. आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल वायरशार्क’. (‘सुडो’ म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं.) ज्या सर्व्हरवर डेस्कटॉप नाही तिथे वायरशार्कऐवजी ‘टीशार्क’, म्हणजे त्याचीच टर्मिनलवर चालणारी आवृत्ती. इन्स्टॉल चालू असताना मध्येच एक प्रश्न विचारला जातो: सुपरयूजर (सर्व अधिकार असलेलं खातं, म्हणजे रूट) नसलेल्यांना पॅकेट पकडू द्यायची का? खूण आधीपासून ‘नाही’वर असते आणि घाईत एंटर दाबलं जातं. मग वायरशार्क उघडलं की इंटरफेस (मशीनच्या नेटवर्क जोडण्या) दिसत नाहीत, किंवा परवानगी नसल्याचा संदेश येतो.

वेळ जातो तो यापुढे. ‘नीट बसलं नाही’ असं समजून ‘ॲप्ट रिमूव्ह’ केलं जातं आणि पुन्हा इन्स्टॉल. आता तो प्रश्न येतच नाही, कारण तुमचं पहिलं उत्तर डेबकॉन्फने (इन्स्टॉलच्या वेळचे प्रश्न विचारणाऱ्या यंत्रणेने) जपून ठेवलेलं असतं आणि रिमूव्हने ते पुसलं जात नाही. शिवाय ‘वायरशार्क’ काढलं तरी ‘वायरशार्क-कॉमन’ हे पॅकेज जागेवरच राहतं. पॅकेट प्रत्यक्ष पकडणारा डंपकॅप हा छोटा प्रोग्राम आणि त्याची परवानगी, दोन्ही त्याच पॅकेजात आहेत. त्यामुळे काढा-घालीचा हा खेळ कितीही वेळा केला तरी परिस्थिती तीच राहते. दिवसभर हे करून संध्याकाळी फोन करणारे ग्राहक आम्हाला भेटतात, आणि त्यांचा तो दिवस वाचला असता याचं वाईट वाटतं.

काही काढू नका. ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर वायरशार्क-कॉमन’ चालवा. तोच प्रश्न परत येईल. बाणाच्या कीने ‘हो’ निवडा. मग ‘सुडो ॲडयूजर’, पुढे तुमचं लॉगिन नाव, पुढे ‘वायरशार्क’ असं लिहून स्वतःला ‘वायरशार्क’ नावाच्या, पॅकेट पकडायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये घाला. यानंतर पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडल्याने भागत नाही, कारण ग्रुप लॉगिनच्या वेळी लागू होतात. खात्री करायला ‘आयडी’ एवढंच टाइप करा, पुढे नाव नको. नाव दिलं तर सिस्टीमच्या नोंदीतले ग्रुप दिसतात. न दिलं तर चालू सत्राला खरोखर मिळालेले.

बऱ्याच ठिकाणी ॲडयूजरऐवजी ‘यूजरमॉड’ सांगितलेलं आढळेल. तेही बरोबर आहे, पण त्या कमांडच्या पर्यायांत मोठ्या ‘जी’च्या आधीचा छोटा ‘ए’ गळला तर तुम्ही वायरशार्क ग्रुपमध्ये जाता आणि बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडता. त्यात सुडोचा ग्रुपही आला. मशीनवर दुसरा ॲडमिन नसेल तर रिकव्हरी मोडशिवाय गत्यंतर उरत नाही. म्हणून आम्ही ॲडयूजरच सुचवतो.

‘सरळ सुडो लावून वायरशार्क चालवलं तर?’ हेही नेहमी विचारतात. चालेल, पण आम्ही ते करत नाही आणि तुम्हालाही करू देत नाही. नेटवर्कवरून आलेला कुणाचाही डेटा उलगडणारा प्रचंड कोड त्यात आहे, आणि त्या कोडमधल्या त्रुटींच्या सुरक्षा-सूचना नियमित निघत असतात. एवढं सगळं रूटच्या अधिकाराने चालवण्यापेक्षा एकट्या डंपकॅपला परवानगी देणं शहाणपणाचं. वायरशार्क बनवणाऱ्यांचा सल्लाही हाच आहे. शिवाय सुडोने घेतलेली कॅप्चर फाइल रूटच्या मालकीची होते, आणि आम्हाला पाठवायच्या वेळी ती तुम्हालाच उघडता येत नाही.

काम संपल्यावर काढायचं असेल तर ‘सुडो ॲप्ट पर्ज वायरशार्क वायरशार्क-कॉमन’ आणि मागोमाग ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’. दोन्ही वेळा ‘वाय’ दाबण्याआधी समोर आलेली यादी वाचा. टीशार्क वायरशार्क-कॉमनवर अवलंबून असल्याने तेही जाईल. टीसीपीडंप हे पॅकेट पकडण्याचं दुसरं साधन स्वतंत्र आहे, ते राहील. तुमच्या होम फोल्डरमधली ‘कॉन्फिग’खालची वायरशार्कची सेटिंग्ज पर्जने जात नाहीत. कॅप्चर फायलीही जात नाहीत, आणि त्यांत एन्क्रिप्ट न केलेला मजकूर जसाच्या तसा असू शकतो, तेव्हा त्या आठवणीने स्वतः पुसा. आमच्याकडे आलेली प्रत आम्ही काम संपताच पुसतो.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमवर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल वायरशार्क’. तिथे प्रश्न विचारला जात नाही, ग्रुप आपोआप तयार होतो. मात्र स्वतःला त्यात घालायला यूजरमॉडच लागतं, तेव्हा तो छोटा ‘ए’ सांभाळा.

देखभाल करार असलेल्या ग्राहकांना हे सगळं आम्ही दुरून जोडणी घेऊन करून देतो. कॅप्चर कुठल्या मशीनवर आणि केव्हा घ्यायचं हेही आम्हीच ठरवतो. करार नसेल तरी फोन जरूर करा. फक्त ‘आयडी’चं उत्तर आणि पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहून समोर ठेवा.