लैंगिक गुन्हेगार नोंदणी कायदे (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने शिक्षा भोगून झाल्यावरही आपला पत्ता, नोकरीचे ठिकाण, वाहन क्रमांक, छायाचित्र आणि बोटांचे ठसे पोलिसांकडे ठराविक मुदतीने नोंदवत राहावेत, असे बंधन घालणारे कायदे. ते सर्व ५० राज्यांत आहेत. फौजदारी कायदा तेथे मुख्यतः राज्यांचा विषय असल्याने व्याख्या, मुदती व अपवाद राज्यागणिक बदलतात.

उगमाविषयी एकमत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राज्यव्यापी नोंदणी प्रथम कॅलिफोर्नियाने केली, हे सर्वमान्य आहे. वर्ष मात्र काही ठिकाणी १९४४ दिलेले आढळते. दंडसंहितेचे कलम २९० १९४७ चे असल्याने तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक. त्याआधी, १९३० च्या दशकात, लॉस एंजेलिससारख्या शहरांनी सर्वच गंभीर गुन्हेगारांसाठी नोंदणीचे नियम केले होते. त्यांचा रोख लैंगिक गुन्ह्यांपेक्षा टोळीवाल्यांवर होता. त्यामुळे त्यांना थेट पूर्वज मानावे की नाही, हा मतभेदाचा मुद्दा आहे. पण कार्यपद्धतीचे साम्य पाहता नाते नाकारणे कठीण जाते. लॉस एंजेलिसच्या नियमानुसार दोषी व्यक्तीला शहरात पाच दिवसांहून अधिक राहायचे असल्यास नोंदणी सक्तीची होती. ‘लँबर्ट विरुद्ध कॅलिफोर्निया’ (१९५७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की असे बंधन आहे याची प्रत्यक्ष माहिती आरोपीला होती, किंवा असण्याचा संभव होता, हे सिद्ध झाल्याखेरीज शिक्षा देता येणार नाही. सुटकेच्या वेळी कर्तव्यांची यादी वाचून घेऊन तिच्यावर सही घेण्याची आजची पद्धत या निकालाशी सुसंगत आहे. नोंदणी चुकल्याच्या खटल्यात हा सही केलेला कागदच बहुधा मुख्य पुरावा ठरतो.

१९९० च्या दशकात चित्र पालटले. वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये अशा गुन्हेगाराविषयी समाजाला सूचना देण्याची तरतूद केली. १९९४ च्या जेकब वेटरलिंग कायद्याने केंद्राने राज्यांना नोंदवही ठेवायला लावले. त्याच वर्षी न्यू जर्सीने नोंदीतील माहिती लोकांना कळवणारा ‘मेगनचा कायदा’ केला आणि १९९६ मध्ये केंद्रानेही त्याच नावाची दुरुस्ती केली. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यातील ‘सोर्ना’ (लैंगिक गुन्हेगार नोंदणी व सूचना कायदा) हा भाग आजचा किमान दंडक आहे. तो न पाळणाऱ्या राज्याचे पोलीस अनुदान १० टक्के कापले जाते, तरीही न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या मोठ्या राज्यांनी स्वतःची चौकट सोडलेली नाही.

‘सोर्ना’च्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत १५ वर्षे व वर्षातून एकदा, दुसरीत २५ वर्षे व सहा महिन्यांनी, तिसरीत आजन्म व तीन महिन्यांनी प्रत्यक्ष हजेरी द्यावी लागते. पत्ता, नाव, नोकरी किंवा शिक्षणसंस्था बदलल्यास कामकाजाच्या तीन दिवसांत कळवायचे. परदेश प्रवासाची सूचना २१ दिवस आधी द्यावी लागते. श्रेणी ठरवताना बहुतेक केंद्रीय न्यायालये प्रत्यक्ष घटना न पाहता गुन्ह्याच्या कलमातील घटक पाहतात. पीडिताचे वय मात्र घटनेवरून घेतले जाते. संमतीने झालेल्या संबंधात पीडित किमान १३ वर्षांचा आणि आरोपी त्याच्याहून चार वर्षांपेक्षा जास्त मोठा नसल्यास ‘सोर्ना’ची नोंदणी लागत नाही. राज्याचा कायदा मात्र तशाच प्रकरणात ती मागू शकतो.

न्यूयॉर्कची पद्धत निराळी आहे. तेथे कलमाऐवजी धोका मोजतात. राज्याचे परीक्षक मंडळ १५ घटकांना गुण देऊन शिफारस करते: ७० पर्यंत पहिली पातळी, ११० व त्यापुढे तिसरी, मधले सर्व दुसऱ्या पातळीत. अंतिम निर्णय सुनावणीनंतर न्यायाधीशाचा असतो. पहिल्या पातळीची नावे सार्वजनिक संकेतस्थळावर दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२१ पासून १० वर्षे, २० वर्षे व आजन्म अशा श्रेणी आहेत. पूर्वी सर्वांना आजन्म नोंदणी होती. तेथे दरवर्षी वाढदिवसाच्या आगेमागे पाच कामकाजी दिवसांत हजर व्हावे लागते, आणि घर नसलेल्यांना दर ३० दिवसांनी. मुदत संपली म्हणून नाव आपोआप निघत नाही, न्यायालयात अर्ज करावा लागतो. हे ठाऊक नसल्याने अनेकांचे नाव यादीत राहून जाते.

खरी अडचण राज्य बदलताना येते. पत्ता कळवण्याची मुदत टेक्सासमध्ये सात दिवस, न्यूयॉर्कमध्ये दहा दिवस, तर फ्लोरिडात ४८ तास. ‘दोषसिद्धी’चा अर्थही एक नाही: टेक्सासमध्ये ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’, म्हणजे दोषी न ठरवता देखरेखीखाली सोडणे, हेही नोंदणीपात्र आहे. जुन्या राज्यातील कलम नव्या राज्यातील कोणत्या कलमाशी जुळते हे नवे राज्य ठरवते, त्यामुळे श्रेणी चढू शकते. राज्याची सीमा ओलांडून जाणीवपूर्वक नोंदणी टाळल्यास केंद्रीय कायद्याने दहा वर्षांपर्यंत कैद आहे. त्या कलमाखाली दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकावर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. तेथे व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांनाही हे लागू आहे.

नोंदणी ही शिक्षा आहे की नियमन? ‘स्मिथ विरुद्ध डो’ (२००३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती नियमन मानली. शिक्षा मानली असती तर ती कायद्याआधीच्या गुन्ह्यांना लावता आली नसती; नियमन मानल्याने अलास्काचा कायदा जुन्या गुन्ह्यांनाही लागू राहिला. पुढे अलास्काच्याच सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अलास्का राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे उलट निर्णय दिला. मिशिगनच्या बाबतीत केंद्रीय अपील न्यायालयाने (२०१६) आणि पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने (२०१७) तीच दिशा घेतली. शाळांपासूनचे अंतर, वारंवार हजेरी, खुली यादी अशी बंधने वाढत गेल्यावर २००३ चे तर्कशास्त्र तितके भक्कम उरलेले दिसत नाही.

परिणामकारकतेविषयी प्रेस्कॉट व रॉकॉफ यांचा अभ्यास (२०११) अधिक उद्धृत होतो. पोलिसांपुरती माहिती गुन्हे रोखायला मदत करते, पण ती जाहीर केल्याने दोषींकडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता वाढू शकते, असे तो सुचवतो. भारताने सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे लैंगिक गुन्हेगारांची माहितीसंचिका सुरू केली. ती केवळ तपास यंत्रणांना पाहता येते.